न कोरलेलं आकाश

अण्णांच्या छापखान्यात लग्नपत्रिकांच्या माथ्यावर छापायला एक लाकडी गणपती होता. बाकीचे ब्लॉक जस्ताचे, बाहेरून करून आणलेले. हा एकटाच लाकडात कोरलेला, अण्णांच्याही आधीच्या कुणाच्या तरी हातचा. कऱ्हाडच्या त्या दोन खणी जागेत ट्रेडल खडखडत असायचं, कंपोझिटर काका एका हातात स्टिक धरून अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत असायचे आणि शाळेतून आले की मी तो गणपती मांडीवर घेऊन बसायचे. सोंड, मोदक, उंदीर, सगळं उलटं. डोळे मिटून बोटांनी ते सुलटं करून वाचायचा माझा खेळ असे. एकदा रूळ पुसता पुसता अण्णा म्हणाले, "कोरलं ते कागदाचं, राहिलं ते शाईचं." लाकडातून जेवढं काढाल तेवढं पांढरं उमटणार. ज्याला हत्यार लावलंच नाही ते काळं.

हे वाक्य चाळीस वर्षांनी मला एका फ्रेंच पुस्तकासमोर आठवलं.

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं आपली जुनी पुस्तकं पानापानानं टिपून सगळ्यांसाठी खुली केली आहेत. तिथे एका रात्री ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या दोन कादंबऱ्या सापडल्या, मूळ चित्रांसकट. फ्रेंच मला येत नाही. गोष्ट मात्र शाळेपासून पाठ होती, कारण आमच्या पिढीच्या घरांत व्हर्न आणला तो भा. रा. भागवतांनी, आणि तो इतक्या मोकळ्या मराठीत की त्याला फ्रेंच म्हणायचं कधी सुचलंच नाही. चित्रं मात्र मी पहिल्यांदा बघत होते. एका पानावर काळंभोर आकाश आणि त्यात बंदुकीच्या गोळीच्या घाटाचं एक यान. मी चित्र मोठं करत गेले. आणखी मोठं. चांदण्या म्हणजे हत्याराच्या टोकाची एकेक टिचकी होती. चंद्राचा उजेड म्हणजे जवळजवळ ओढलेल्या पांढऱ्या रेघा. आणि मधलं ते सगळं अफाट काळं? तिथे कारागिरानं काहीच केलेलं नव्हतं. ते न कोरलेलं लाकूड होतं.

हवा नसलेल्या पोकळीचं याहून खरं चित्र मी पाहिलेलं नाही.

त्या काळी पुस्तकातली चित्रं बॉक्सवूड नावाच्या अतिशय घट्ट लाकडावर कोरत. फळीच्या लांबीवर नाही, तर खोडाच्या आडव्या छेदावर, जिथे रेषा घसरत नाही आणि केसाएवढी बारीक निघते. या झाडाचं खोड बारीक असतं, म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान लहान ठोकळे एकमेकांना घट्ट जोडावे लागत. चित्रकार ठोकळ्यावर चित्र काढून देई, कोरणारा वेगळा. ठोकळ्याची उंची खिळ्यांच्या उंचीइतकी ठेवत, म्हणजे मजकूर आणि चित्र एकाच चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, आवळून एका दाबात छापता येत. हे वाचताना मला अण्णांचा हात दिसत होता. गणपतीच्या खाली कागदाची पट्टी घालून, पुन्हा काढून, दुहेरी करून घालत उंची साधणारा. विज्ञानाची गोष्ट आणि तिचं चित्र एकाच पानावर यायला आधी असली उंची साधावी लागली होती.

पहिली कादंबरी १८६५ साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात क्रमशः आली आणि त्याच वर्षी प्रकाशक एत्झेलनं ती पुस्तकरूपात काढली, चित्रांशिवाय. चित्रांची आवृत्ती निघाली १८६८ मध्ये, चित्रकार आंरी द माँतो. पुढचा भाग १८६९ च्या अखेरीस वर्तमानपत्रात, १८७० मध्ये पुस्तक, आणि १८७२ मध्ये सचित्र आवृत्ती, चित्रकार एमिल बायार आणि आल्फाँस द नव्हिल. बायारचं नाव माहीत नसेल, पण हात ओळखीचा असेल. आपल्याहून उंच झाडू धरून अनवाणी उभी असलेली, ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मधली लहानगी कोझेत, ते चित्र त्याचंच. पायातला जमिनीचा गारवा ज्यानं इतका नेमका काढला, त्यानंच पायाखालची जमीन नसणंही काढलं.

गोष्ट थोडक्यात सांगते. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलंय. बाल्टिमोरच्या गन क्लबातले तोफांचे शौकीन बेकार झालेत. त्यांचा अध्यक्ष बार्बिकेन ठरवतो की आता चंद्रावर गोळा मारायचा. सगळ्या जगाकडून वर्गणी येते. फ्लोरिडातल्या एका टेकडीत जमिनीतच ९०० फूट खोल तोफ ओततात, बाराशे भट्ट्या पेटवून. मग एके दिवशी पॅरिसहून तार येते, की गोल गोळ्याऐवजी लांबट टोकदार करा, मी आत बसून जाणार आहे. तार करणारा मिशेल आर्दां. त्याच्या आडनावाची अक्षरं फिरवली की नादार होतं, आणि नादार हा व्हर्नचा खराखुरा स्नेही होता, छायाचित्रकार आणि प्रचंड बलून उडवणारा. शेवटी गोळ्यात तिघं बसतात: बार्बिकेन, त्याचा हाडवैरी कप्तान निकोल आणि आर्दां. सोबत दोन कुत्री आणि काही कोंबड्या. बाई एकही नाही. संपूर्ण दोन पुस्तकांत नाही, आणि हे मला लहानपणीही टोचलं होतं, आजही टोचतं.

माँतोच्या चित्रांत मला सगळ्यात आवडलं ते चंद्राकडे निघालेल्या आगगाडीचं. आर्दां भर सभेत म्हणतो की एक दिवस गोळ्यांच्या गाड्या पृथ्वीवरून चंद्रावर ये-जा करतील, आणि माँतो ते शब्दशः काढून टाकतो. गोष्टीत ती नुसती बोलण्यातली उडी आहे, चित्रात ती घडूनच गेलीय. ज्यांच्या शहरांत रेल्वे येऊन जेमतेम एक पिढी झाली होती त्यांना ते चित्र किती जवळचं वाटलं असेल. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ ची. म्हणजे हे चित्र आणि ती गाडी यांत फक्त पंधरा वर्षं.

पण मला सांगायचंय ते आकड्यांबद्दल.

व्हर्नच्या आधीही माणसं कथांमधून चंद्रावर गेलेली आहेत. हंसांच्या रथात, दवाच्या कुप्या बांधून, स्वप्नात. तिथे कुणी विचारत नाही की हंस किती आणि ओझं किती. व्हर्न पहिल्याच झटक्याला आपल्या पात्रांना मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या निरीक्षणालयाला पत्र लिहायला लावतो आणि उत्तर जसंच्या तसं छापतो. गोळ्याला सुरुवातीचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड लागेल, म्हणजे साधारण ११ किलोमीटर. प्रवासाला ९७ तास १३ मिनिटं २० सेकंद लागतील. तोफ विषुववृत्ताच्या २८ अंशांच्या आत हवी, कारण चंद्र डोक्यावर यायला हवा. उडवायचं १ डिसेंबरला रात्री १० वाजून ४६ मिनिटं ४० सेकंदांनी. गोळा अ‍ॅल्युमिनियमचा, आणि अ‍ॅल्युमिनियम तेव्हा नवलाईचा धातू होता. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात लोक तो बघायला गर्दी करत. आतली हवा? क्लोरेट ऑफ पोटॅश तापवून प्राणवायू काढायचा, कॉस्टिक पोटॅशनं कर्बवायू शोषून घ्यायचा. आठवीच्या प्रयोगशाळेत सापडणारी रसायनं. गोळ्याचा माग घ्यायला रॉकी पर्वतात १६ फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण. पुढे ऐंशी वर्षांनी पालोमारच्या डोंगरावर जी बसली, तिचा आरसा २०० इंच, म्हणजे १६ फूट ८ इंच.

दुसऱ्या पुस्तकात तर एका प्रकरणाचं नावच 'थोडंसं बीजगणित' असं आहे. कादंबरीच्या पानावर चक्क समीकरण छापलंय, अंश-छेद, कंस, सगळं. व्हर्नचा चुलतभाऊ आंरी गार्से गणिताचा प्राध्यापक होता, त्याच्याकडून त्यानं हिशेब करून घेतला. ते पान मी खूप वेळ बघत बसले. अण्णांकडे एकदा एका क्लासवाल्या मास्तरांची गणिताची पुस्तिका छपाईला आली होती. कंपोझिटर काकांनी एकेका अपूर्णांकासाठी अर्धा अर्धा तास घातला होता, वरच्या ओळीखाली पितळी पट्टी बसवून, बाजूची जागा शिशाच्या तुकड्यांनी भरून. समीकरण जुळवणं म्हणजे खिळे जुळवणाऱ्याचा जीव खाणारं काम. कादंबरीत ते घालायचं, म्हणजे लेखकाला ते हवंच होतं.

एच. जी. वेल्सनं १९०१ मध्ये आपल्या माणसांना चंद्रावर पाठवलं ते गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या एका कल्पित धातूच्या जोरावर. म्हाताऱ्या व्हर्नला ते पटलं नाही. मी भौतिकशास्त्र वापरतो, हा शोधून काढतो, असा त्याचा सूर होता. तो धातू मला दाखवा की, असं तो एका मुलाखतकाराला म्हणाला. वेल्स मोठाच लेखक आहे, माणसाच्या मनात तो व्हर्नपेक्षा खोल उतरतो असं मला वाटतं. पण या एका बाबतीत मी व्हर्नच्या बाजूनं आहे. वेल्सच्या धातूला चूक म्हणता येत नाही. व्हर्नच्या तोफेला म्हणता येतं.

आणि ती चूकच आहे. माझा भाचा नववीत आहे. गेल्या मे महिन्यात तो सुट्टीला आला तेव्हा मी त्याला ही चित्रं दाखवत गोष्ट सांगत होते. तोफ ९०० फुटांची म्हटल्यावर तो म्हणाला, "मावशी, थांब. म्हणजे दोनशे चौऱ्याहत्तर मीटर." वही ओढून त्यानं गतीचं तिसरं समीकरण मांडलं, त्यांना यंदाच होतं. सुरुवातीचा वेग शून्य, शेवटचा ११,००० मीटर, अंतर २७४. अंतिम वेगाचा वर्ग, भागिले दुप्पट अंतर. उत्तर आलं सेकंदाला दर सेकंदी दोन लाख वीस हजार मीटर. म्हणजे गुरुत्वाच्या साडेबावीस हजार पट. वेळ किती लागला तेही काढलं: सेकंदाचा विसावा भाग. मग तो स्वतःच्या वजनावर आला. त्याचं वजन ४५ किलो. त्या क्षणी ते हजार टन होईल. तो बराच वेळ गप्प बसला. व्हर्ननं धक्का सोसायला गोळ्याच्या तळाशी तीन फूट पाणी भरलंय, त्यावर लाकडी तबकडी, फुटणारे पडदे. पाण्याचं चित्र बघत भाचा म्हणाला, "ह्यानं काय होणारे."

काहीच होणार नाही. तिघं पहिल्या विसाव्या सेकंदातच संपले असते.

हे व्हर्नच्या विरुद्ध सांगतेय असं कुणाला वाटेल. मला नेमकं उलटं म्हणायचंय. नववीतल्या मुलाला वही ओढावीशी वाटली, कारण तोफेची लांबी दिली होती. लांबी दिली नसती तर तोफ चालली असती, कायमची चालली असती, आणि तिच्यातून पुढे काही निघालं नसतं.

मॉस्कोच्या नैर्ऋत्येला कालुगा नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत कॉन्स्तांतिन त्सिओल्कोव्स्की नावाचा गणिताचा मास्तर होता. लहानपणी लोहितांग ज्वरानं त्याचे कान गेले होते. अवकाशप्रवासाचं बी आपल्या डोक्यात व्हर्ननं पेरलं, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. त्यानंही हाच हिशेब केला, तोफेचा. माणूस जगणार नाही हे त्याला दिसलं. मग काय करायचं? वेग हवा तर तितकाच, पण एका झटक्यात नको, मिनिटं घेऊन हवा. म्हणजे बारूद खाली जमिनीत न ठेवता सोबत न्यायची आणि जाता जाता जाळायची. १९०३ साली त्यानं रॉकेटचं गणित प्रसिद्ध केलं. चंद्रावर नेलं ते सॅटर्न रॉकेट याच वाटेनं गेलं, आणि त्यात बसलेल्यांच्या अंगावर जास्तीत जास्त आलं ते चौपट वजन. साडेबावीस हजार आणि चार. या दोन आकड्यांच्या मधे एक बहिरा मास्तर उभा आहे.

जर्मन भाषेत रॉकेटवरचं पायाभूत पुस्तक लिहिणारा हेर्मान ओबेर्थ, तोही पोरवयात व्हर्न पाठ करून बसलेला. त्यानंही तोफ मोडीत काढली ती आकडेमोड करूनच.

खरी नवलाची गोष्ट अशी की रॉकेट व्हर्नच्या गोळ्यातही होतं. चंद्रावर आपटू नये, उतरताना वेग कमी व्हावा म्हणून बार्बिकेननं तळाला रॉकेटं बसवून घेतली होती. हवा नसलेल्या पोकळीत ती चालतील यात व्हर्नला शंका नव्हती. पन्नासेक वर्षांनी, १३ जानेवारी १९२० ला, 'न्यूयॉर्क टाइम्स'नं अमेरिकेतला रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्ड याला अग्रलेखातून धडा शिकवला की पोकळीत रॉकेटला ढकलायला काही नसतं, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. ती चूक त्या पत्रानं दुरुस्त केली १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना. योग्य उत्तर त्या गोळ्याच्या बुडाशी आधीपासून होतं. फक्त ते उतरायला ठेवलेलं, चढायला नाही.

परतीच्या वाटेवर २३ जुलैला यानातून बोलताना नील आर्मस्ट्राँगनं व्हर्नची आठवण काढली. फ्लोरिडातून उड्डाण, पॅसिफिकमध्ये उतरणं, दोन्ही तसंच झालं होतं. त्याआधी १९६८ च्या डिसेंबरात अपोलो ८ मधले तिघं चंद्राला न उतरता फेऱ्या मारून आले, म्हणजे दुसरी कादंबरी जवळजवळ जशीच्या तशी. लोक याला भविष्यवाणी म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. फ्लोरिडा निवडायला व्हर्नचं कारण वेगळं होतं, चंद्र डोक्यावर यावा हे. नासाचं वेगळं: विषुववृत्ताच्या जितकं जवळ, तितका पृथ्वीच्या फिरण्याचा धक्का जास्त, आणि पूर्वेला मोकळा समुद्र हवा. अमेरिकेचा नकाशा समोर ठेवून कुणीही दक्षिण टोक शोधलं तर बोट तिथेच जाणार. आपलं श्रीहरिकोटा पावणेचौदा अंशांवर आहे, पूर्वेला बंगालचा उपसागर. तिथे पोचायला कुणाला भविष्य दिसावं लागलं नाही. भूगोल बघावा लागला.

चंद्रयान ३ त्या किनाऱ्यावरून १४ जुलै २०२३ ला निघालं आणि २३ ऑगस्टला उतरलं. चाळीस दिवस. व्हर्नचा गोळा चार दिवसांत चंद्रापाशी. माझ्या भाच्यानं तेव्हा विचारलं होतं, आपलं एवढं हळू का? कारण आपलं रॉकेट एका दमात तेवढा वेग देण्याइतकं मोठं नव्हतं. म्हणून पृथ्वीभोवतीच लंबगोल फेऱ्या घालत, दर खेपेला पृथ्वीच्या जवळ आल्यावर इंजिन थोडं पेटवून, कक्षा ताणत ताणत नेली. तोफेच्या अगदी दुसऱ्या टोकाची रीत. विसाव्या सेकंदाऐवजी आठवडे.

'चंद्रलोकची सफर' या नावानं व्हर्नची ही गोष्ट मराठीत पहिल्यांदा आली ती विसाव्या शतकाच्या अगदी उंबरठ्यावर, 'केरळकोकिळ' मासिकात, क्रमशः. कृष्णाजी नारायण आठल्यांनी कोचीनला सुरू केलेलं हे मराठी मासिक. मराठी विज्ञानकथेचा आरंभ लोक तिथून धरतात. तेव्हा कालुगाच्या मास्तरांचं रॉकेट अजून जाहीर व्हायचं होतं. महिन्याच्या अंकाची वाट बघत, कंदिलाच्या उजेडात मराठीतून चंद्रावर जाणारी माणसं आपल्याकडे होती, याचा मला फार आनंद वाटतो. त्यांच्यातल्या कुणी पाटीवर तोफेचं गणित केलं असेल का? मला वाटतं, एखाद्यानं नक्की केलं असेल.

आता त्या चित्राकडे येते, ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला बसले.

दुसऱ्या पुस्तकात गोळा अशा जागी पोचतो जिथे पृथ्वीची ओढ आणि चंद्राची ओढ सारखी होते. व्हर्न ही जागा वाटेच्या बावन्न भागांपैकी सत्तेचाळीसाव्या भागावर दाखवतो, आणि आजच्या आकड्यांनी केलं तरी उत्तर तिथेच येतं. तिथे तिघांचं वजन नाहीसं होतं. पेला हवेत सोडला तर तिथेच राहतो. बाटल्या राहतात. आर्दां डायना कुत्रीला उचलून हवेत ठेवतो आणि ती ठेवलेल्या जागी राहते. मग तिघं स्वतःच तरंगू लागतात, आणि आर्दांला वाटतं की आत्ता चित्रकार राफाएलनं आपल्याला बघायला हवं होतं.

बायारनं हे काढलं. त्याला बघायला काही नव्हतं. वजन नसलेला माणूस त्या दिवसापर्यंत कुणी पाहिलेला नव्हता, अनुभवलेला नव्हता. देवळांच्या छतांवर उडणारे देवदूत होते, पण त्यांना पंख असतात, ढगांचा आधार असतो, आणि ते कुठेतरी निघालेले असतात. बायारची माणसं कुठे निघालेली नाहीत. नेहमीच्या कपड्यांत ती नुसती आहेत, हवेत, हातपाय कुठे ठेवायचे ते न कळून. नंतर अवकाशस्थानकातल्या चित्रफिती पाहताना मला सतत तेच दिसत राहिलं: वापरायची सवय गेलेले पाय. पहिला अंतराळवीर गागारिन वर गेला १९६१ मध्ये. बायारच्या चित्रानंतर ८९ वर्षांनी. शरीराला ठाऊक होण्याआधी एका माणसानं ते कागदावर आणलं, आणि दुसऱ्यानं लाकडात कोरलं.

त्सिओल्कोव्स्कीनं १९३३ मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षं आधी, एका चित्रपटासाठी वहीत पेन्सिलीनं अवकाशप्रवासाची चित्रं काढून दिली. चित्रकार म्हणून हात अगदी कच्चा. पण त्यात माणसं यानाच्या दुहेरी दारातून बाहेर पडतायत, दोरीला बांधून तरंगतायत, आत कुणी आडवं, कुणी उलटं. वर आणि खाली हे शब्दच त्यानं काढून टाकले होते. मला त्या वहीतून बायार आठवतो, आणि मधल्या साठ वर्षांत काय काय कळलं तेही.

कारण बायारच्या चित्रात चूक आहे. म्हणजे मूळ मजकुरात आहे, बायारनं इमानानं ती काढली. भाच्याला मी ती सांगितली नव्हती. मी फक्त पानं उलटत होते.

निघतानाच्या धक्क्यानं सॅटेलाइट नावाचा कुत्रा जखमी होऊन मरतो. तिघं खिडकी झर्रकन उघडून त्याचं शरीर बाहेर टाकतात, हवा कमीत कमी जाईल अशी. काही वेळानं खिडकीबाहेर काहीतरी दिसतं. तो कुत्राच असतो. मागे पडलेला नाही, पुढे गेलेला नाही, गोळ्याच्या सोबतीनं तेवढ्याच वेगानं चाललाय. हे प्रसंग वाचायला अवघड जातात. ज्यानं भविष्यात लायका नावाची कुत्री अवकाशात जाणार हे पाहिलेलं नव्हतं त्यानं हे लिहावं, याचं मला अजून वाईट वाटतं. पण यातलं भौतिकशास्त्र लख्ख खरं आहे. बाहेर हवा नाही, अडवायला काही नाही. गोळा आणि कुत्रा दोघंही एकाच रीतीनं, एकाच वेळी, एकाच ओढीत चालले आहेत.

हे चित्र बघून आम्ही पुढे गेलो. तरंगणाऱ्या माणसांचं चित्र आलं. भाचा हसला. मग हसायचा थांबला. त्यानं माझ्या हातावरून पानं मागे घेतली, कुत्र्यापर्यंत. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. शेवटी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी उघडायला लावली आणि एकेका चित्रावर एकेक बोट ठेवलं.

"मावशी, हा बाहेर यानाबरोबर चाललाय ना? मागे पडत नाहीये."

"हो."

"म्हणजे यान आणि कुत्रा सारखेच पडतायत."

"हो."

"मग आतली माणसं पण सारखीच पडत असणार. तोफेतून बाहेर आल्यापासूनच." त्यानं दुसरं बोट उचललं आणि मधल्या सगळ्या पानांवरून हवेत फिरवलं, जिथे तिघं ताटं मांडून जेवतात, येरझाऱ्या घालतात, बीजगणित करतात. "मग इतके दिवस ही उभी कशी होती?"

मी उठून कपाट उघडलं आणि अण्णांचा गणपती काढून त्याच्या हातात दिला. तो उलटी सोंड बोटानं चाचपत राहिला, डोळे अजून त्या दोन चित्रांवर.